वर्षाचा पगार एक डॉलर, पदरात ११ राष्ट्रीय विजेतेपदं : अमेरिकेतले कॉलेज बेसबॉलचे कोच रॉड डेडो यांची ४५ वर्षांची कारकीर्द

अमेरिकेत कॉलेजच्या बेसबॉलचं नाव निघालं की जुनी माणसं अजूनही एक नाव घेतात, ते म्हणजे रॉड डेडो. लॉस एंजेलिस शहरातल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया या खाजगी विद्यापीठाच्या संघाचे ते १९४२ ते १९८६ अशी ४५ वर्षं कोच होते. या विद्यापीठाला तिकडे सगळे यूएससी म्हणतात आणि संघाला ट्रोजन्स. या काळात संघाने ११ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्यातली पाच तर ओळीने. एकूण १३३२ सामने जिंकले, ५७१ हरले, ११ बरोबरीत सुटले. आणि या कामाचा पगार ते घेत होते वर्षाला फक्त एक डॉलर.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ

आपल्याकडे बेसबॉल शाळेच्या क्रीडा स्पर्धांत कुठे कुठे दिसतो, पण गावच्या मैदानावर नाही. त्यामुळे पुढचं कळायला दोन गोष्टी माहीत हव्यात. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार बेस, एका बेसपासून दुसरा ९० फुटांवर. चेंडू टाकणारा तो पिचर. तो टप्पा न पाडता थेट चेंडू फेकतो, साधारण साडेसाठ फुटांवरून. बॅटरने चेंडू मारायचा आणि चारही बेसना वळसा घालून घरी यायचं, की एक रन. तीन चांगले चेंडू हुकले की बॅटर बाद. तीन गडी बाद झाले की पाळी संपली, मग समोरचा संघ बॅटिंगला. दोघांची एकेक पाळी झाली की एक डाव, आणि असे नऊ डाव. इथे षटकं नाहीत, घड्याळही नाही. शेवटचा गडी बाद होईपर्यंत सामना संपत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

खेळाडू म्हणून दोनच सामने

डेडो यांचं मूळ नाव राऊल. जन्म १७ फेब्रुवारी १९१४ चा, न्यू ऑर्लिन्स शहरातला. घरचे पुढे कॅलिफोर्नियात आले, हॉलीवूड हायस्कूलमध्ये त्यांचं शिक्षण झालं आणि मग ते यूएससीमध्ये दाखल झाले. तिथे ते शॉर्टस्टॉपला खेळायचे. ही दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा, सगळ्यात चपळ पोराला देतात. १९३५ मध्ये ते संघाचे कर्णधार होते आणि त्यांचे कोच होते सॅम बॅरी.

त्याच वर्षी ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक संघाने त्यांना घेतलं. डॉजर्सचे मॅनेजर होते केसी स्टेंगल, पुढे न्यूयॉर्क यांकीजकडून खोऱ्याने विजेतेपदं मिळवणारे. डेडो मोठ्या लीगमध्ये किती खेळले? दोन सामने. चार वेळा बॅटिंगला आले, एकदा हिट मारला, एक रन मिळवून दिली. पुढच्या वर्षी खालच्या लीगमध्ये खेळताना पाठीला मार बसला आणि खेळाडू म्हणून गडी संपला. वय २२.

मग त्यांनी साठवलेले ५०० डॉलर काढले आणि गाड्यांची दुरुस्ती अन् मालवाहतूक असा धंदा टाकला. कंपनीचं नाव डार्ट. हा धंदा इतका वाढला की डेडो लक्षाधीश झाले. एक डॉलर पगाराचं कोडं इथे सुटतं. दिवसाचं पोट ट्रकांवर भरत होतं, मैदान हे मनापासूनचं काम होतं. म्हणून गावातल्या शाळेच्या पीटीच्या सरांना कुणी हे उदाहरण देऊन 'तुम्हीपण फुकट शिकवा' असं सांगू नये. डेडोंच्या पाठीशी ट्रक होते, सरांच्या पाठीशी घरभाडं असतं. मात्र पगारावर अवलंबून नसल्याचा एक फायदा डेडोंना झाला. कुणाची मर्जी सांभाळायची गरज उरली नाही, आणि जास्त पैशासाठी जागा सोडायचं कारणही. स्टेंगल यांनी यांकीजमध्ये मदतनीस कोच म्हणून बोलावलं, तरी ते गेले नाहीत.

युद्धामुळे मिळालेली जागा

कोचपद त्यांच्याकडे आलं ते दुसऱ्या महायुद्धामुळे. १९४२ मध्ये सॅम बॅरी नौदलात गेले आणि जाताना त्यांनी आपल्या जुन्या कर्णधाराचं नाव सुचवलं. म्हणजे नेमणूक तशी तात्पुरती, बदलीवरच्या माणसासारखी. युद्ध संपल्यावर बॅरी परत आले. आता एका जागेवर दोघे. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते सांगायला नको. इथे मात्र दोघांनी मिळून संघ चालवला, आणि १९४८ मध्ये यूएससीला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. अंतिम मुकाबला होता येल विद्यापीठाशी. येलचा कर्णधार पहिल्या बेसवर खेळणारा उंच, डावखुरा पोरगा होता. त्याचं नाव जॉर्ज बुश. तोच पुढे १९८९ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

१९५० मध्ये बॅरी वारले आणि तिथून पुढची सगळी जबाबदारी एकट्या डेडोंवर आली. उरलेली दहा विजेतेपदं त्यांची एकट्याची : १९५८, १९६१, १९६३, १९६८, मग १९७० ते १९७४ सलग पाच, आणि शेवटचं १९७८ चं.

'ए टायगर!'

डेडो सगळ्यांना 'टायगर' म्हणायचे. खेळाडू, वार्ताहर, हॉटेलातला वेटर, सगळे टायगर. नावं लक्षात राहत नाहीत म्हणून हा तोडगा, असं त्यांचे खेळाडू हसत सांगायचे. आपल्याकडे 'काय वाघा' म्हणतात ना, अगदी तसं.

पण मैदानावरची नजर बारीक. हातातून चेंडू सुटला तर ते फारसं बोलायचे नाहीत, तो खेळाचा भाग झाला. डोकं वापरलं नाही तर मात्र सुटका नव्हती. कोणत्या बेसवर फेकायचं हे आधी ठरवलं नाही, कितवा गडी बाद झालाय हे विसरला, पळायचं तिथे उभा राहिला, अशा चुका ते टिपून ठेवायचे आणि सामन्यानंतर पोरांसमोर वाचून दाखवायचे. त्यांचं एक वाक्य खेळाडूंना पाठ होतं : एकच चूक एकदाही करायची नाही. लोक म्हणतात दुसऱ्यांदा करू नका, हे म्हणायचे पहिल्यांदाच करू नका. दुसऱ्याची चूक बघून शिका, असा त्याचा अर्थ.

त्याच वेळी संघात हसणं-खिदळणंही भरपूर. चुकलेल्या किंवा नव्या पोराला लाल केसांचा टोप घालून सगळ्यांसमोर गाणं म्हणावं लागायचं. शिक्षा म्हणावी तर शिक्षा, गंमत म्हणावी तर गंमत. दमदाटी करणारे कोच अमेरिकेतही पुष्कळ आहेत, डेडो त्यातले नव्हते.

बेदाण्याच्या पेट्या उचलणारा पोरगा

डेडोंच्या हाताखालून गेलेले जवळपास ६० खेळाडू मोठ्या लीगमध्ये पोचले. त्यातली एक गोष्ट शेतकऱ्यांच्या घरात सांगण्याजोगी आहे.

टॉम सीव्हर हा कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो भागातला. हा मुलूख द्राक्षांचा आणि बेदाण्याचा. वडील बेदाणा पॅक करणाऱ्या कंपनीत होते. शाळा संपली तेव्हा टॉम अंगाने किरकोळ होता, कुठल्याच मोठ्या विद्यापीठाने त्याला बोलावलं नाही. मग त्याने त्याच कंपनीत बेदाण्याच्या पेट्या उचलायचं काम केलं, काही महिने सैन्याच्या मरीन दलात प्रशिक्षण घेतलं आणि गावच्या कॉलेजात प्रवेश घेतला. मधल्या काळात अंग भरलं, उंची वाढली, चेंडूला वेग आला.

आता डेडोंचं लक्ष त्याच्याकडे गेलं. पण यूएससी म्हणजे महागडं खाजगी विद्यापीठ, शिष्यवृत्तीशिवाय टॉमला ते परवडणारं नव्हतं. आणि डेडोंकडे शिष्यवृत्त्या मोजक्या. त्यांनी पोराला सरळ हो म्हटलं नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात त्याला उत्तरेला अलास्कात पाठवलं. तिथे गोल्डपॅनर्स नावाचा संघ होता, देशभरातली कॉलेजची चांगली पोरं सुट्टीत तिथे खेळायला यायची. तिथे टिकलास तर शिष्यवृत्ती, असा मामला. टॉम टिकला. शिष्यवृत्ती मिळाली आणि १९६५ चा हंगाम तो यूएससीकडून खेळला.

हाच सीव्हर पुढे न्यूयॉर्क मेट्स संघाचा आधारस्तंभ झाला. मोठ्या लीगमध्ये पिचर म्हणून त्याच्या नावावर ३११ विजय आहेत. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारं साय यंग अवॉर्ड तीनदा मिळालं. निवृत्तीनंतर त्याने कॅलिफोर्नियातच द्राक्षबाग लावली आणि शेवटपर्यंत तिथे रमला. २०२० मध्ये तो गेला.

बाकीची नावंही वजनदार आहेत. फ्रेड लिन फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर आला आणि बेसबॉलचा झाला. १९७५ मध्ये मोठ्या लीगच्या पहिल्याच पूर्ण हंगामात त्याला सर्वोत्तम नवोदित आणि सर्वात मौल्यवान खेळाडू असे दोन्ही मान मिळाले, असं तोवर कुणाला जमलं नव्हतं. सहा फूट दहा इंच उंचीचा डावखुरा रँडी जॉन्सन हाही डेडोंच्याच हाताखालचा, त्याचे विजय ३०३. मार्क मॅग्वायर आला तो पिचर म्हणून, यूएससीमध्ये त्याचा बॅटर झाला. १९९८ मध्ये त्याने एका हंगामात ७० होम रनचा तेव्हाचा विक्रम केला. पण २०१० मध्ये त्याने स्टेरॉइड घेतल्याचं स्वतः कबूल केलं, त्यामुळे त्या विक्रमावर कायमचा डाग बसला. तो प्रकार कॉलेजनंतरचा, व्यावसायिक काळातला.

सात रन मागे, एक डाव बाकी

सलग पाच विजेतेपदांचा काळ सुरू झाला १९७० मध्ये. त्या वर्षीचा अंतिम सामना नऊ डावांत निकाली निघालाच नाही, १५ डाव चालला. यूएससीने फ्लोरिडा स्टेटला २-१ असं हरवलं. १९७२ चा अंतिम सामना १-० असा सुटला. म्हणजे ही काही एकतर्फी मिरवणूक नव्हती.

पण लोक अजून बोलतात ते १९७३ च्या सामन्याबद्दल. कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा १९५० पासून नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात भरते, जूनमध्ये. उपांत्य फेरीत समोर मिनेसोटा विद्यापीठ आणि त्यांचा पिचर डेव्ह विनफिल्ड. हा गडी इतका दणकट की बेसबॉलबरोबर बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांनीही त्याच्यावर दावा सांगितला होता. त्या दिवशी त्याने यूएससीच्या १५ बॅटरना हुकवून बाद केलं. आठ डावांत त्याच्याविरुद्ध फक्त एक हिट. फळ्यावर मिनेसोटा ७, यूएससी ०.

नववा डाव. आणखी तीन गडी बाद केले की मिनेसोटा अंतिम फेरीत, आणि यूएससीचं सलग चौथं विजेतेपद हुकलं. आणि इथे मघाची ती गोष्ट आली : घड्याळ नाही, षटकं नाहीत. एक रन आली, मग दुसरी. विनफिल्ड दमला होता, त्याचा हात उतरला. त्याला पिचिंगवरून काढून मैदानात दुसरीकडे उभं केलं. यूएससीची पोरं थांबेचनात. त्या एका डावात आठ रन झाल्या आणि सामना ८-७ असा यूएससीने जिंकला. पुढे अंतिम सामन्यात त्यांनी ॲरिझोना स्टेटला ४-३ ने हरवलं. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मात्र हरलेल्या संघाचाच ठरला, विनफिल्ड. यात अन्याय काही नाही, उलट तो मान त्याच्याकडेच जायला हवा होता.

पाचव्या विजेतेपदाच्या वर्षी, १९७४ मध्ये, विद्यापीठाने नवं बेसबॉल मैदान सुरू केलं आणि त्याला डेडोंचं नाव दिलं. माणूस कोच असताना त्याच्याच नावाच्या मैदानावर पोरांना शिकवतोय, असं चित्र क्वचितच दिसतं.

उतरती वर्षं

१९७८ च्या संघाला बरेच जण डेडोंचा सर्वात तगडा संघ मानतात. त्यानंतर मात्र गाडी रुळावरून घसरली. १९७९ ते १९८६ या आठ वर्षांत संघ ओमाहाला पोचलाच नाही. कारणं एकापेक्षा जास्त. कॉलेजांनी बेसबॉलला किती शिष्यवृत्त्या द्यायच्या यावर मर्यादा आली होती. यूएससीसारख्या महागड्या विद्यापीठाला त्याचा चटका जास्त बसला, कारण शिष्यवृत्ती नाही तर पोरगा स्वस्त सरकारी विद्यापीठाकडे वळणार. दुसरीकडे टेक्सास, मायामी, फुलर्टन अशी नवी ठाणी तयार झाली होती. आणि डेडोंचं वयही सत्तरीकडे गेलं होतं. रँडी जॉन्सन आणि मॅग्वायर हे दोघे याच पडत्या काळातले, हे मात्र ध्यानात घ्यायला हवं. चांगले खेळाडू घडत होते, संघ जिंकत नव्हता.

१९८६ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी आले माइक गिलेस्पी, १९६१ च्या विजेत्या संघात डेडोंच्या हाताखाली खेळलेले. म्हणजे बॅरींनी डेडोंकडे आणि डेडोंनंतर शिष्याकडे, अशी ही गादी चालत आली. गिलेस्पींच्या संघाने १९९८ मध्ये पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद आणलं. ते यूएससीचं बारावं.

सामने जिंकण्याचा डेडोंचा विक्रम १९९४ मध्ये टेक्सासचे क्लिफ गुस्ताफसन यांनी मोडला. आज हा आकडा फ्लोरिडा स्टेटचे माइक मार्टिन यांच्या नावावर आहे, १९८० ते २०१९ या काळात २०२९ विजय. पण गंमत बघा, मार्टिन यांचा संघ १७ वेळा ओमाहाला गेला आणि राष्ट्रीय विजेतेपद एकदाही मिळालं नाही. आता हंगामात सामनेही जास्त असतात, त्यामुळे नुसत्या आकड्यांची तुलना फसवी आहे. ११ विजेतेपदांच्या जवळ मात्र दुसरा कोच आलेला नाही. 'कॉलेजिएट बेसबॉल' या नियतकालिकाने १९९९ मध्ये डेडोंना शतकातला कोच ठरवलं, त्यावर फारसा वाद झाला नाही.

ऑलिंपिक आणि सिनेमा

डेडो दोन वेळा ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाचे कोच होते, १९६४ ला टोकियो आणि १९८४ ला लॉस एंजेलिस. दोन्ही वेळा बेसबॉल हा फक्त प्रदर्शनीय खेळ होता, पदकतालिकेत त्याची मोजणी नव्हती. टोकियोत एकच सामना झाला आणि अमेरिका जिंकली. १९८४ मध्ये मॅग्वायर, विल क्लार्क, बॅरी लार्किन असा तगडा संघ, घरचं मैदान, तरीही अंतिम सामन्यात जपानने ६-३ असं हरवलं. तसं पाहिलं तर जपानी कॉलेजांशी अमेरिकी पोरांच्या मालिका १९७२ पासून सुरू करण्यात डेडोंचाच मोठा हात होता.

१९८९ च्या 'फील्ड ऑफ ड्रीम्स' या सिनेमात एक शेतकरी उभ्या मक्यात नांगर घालून बेसबॉलचं मैदान तयार करतो. त्या सिनेमातल्या नटांना खेळ शिकवायला डेडोंनाच बोलावलं होतं.

५ जानेवारी २००६ रोजी कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल इथे त्यांचं निधन झालं. वय ९१.

भारताशी जुळलेला धागा

डेडोंच्या हाताखाली यूएससीमध्ये खेळलेल्या पिचरपैकी एक टॉम हाऊस. खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द मध्यम, पण पुढे पिचर घडवणारा कोच म्हणून मोठं नाव झालं. २००८ मध्ये भारतात 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा झाली, वेगात अचूक चेंडू फेकणारी पोरं शोधायची. त्यातून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू निवडले गेले, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. खेड्यातली पोरं, बेसबॉल कधी बघितलेला नव्हता. त्यांना अमेरिकेत नेऊन शिकवलं ते टॉम हाऊसने, यूएससीमध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघाने दोघांना करारबद्ध केलं. मोठ्या लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत, पण अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल खेळलेले हे पहिले भारतीय. हा रिंकू सिंग म्हणजे आयपीएलमधला नव्हे. हा पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला आणि अंगाला भस्म लावलेला 'वीर महान' म्हणून मोबाईलवर घराघरात पोचला.

दुसरा धागा २०२८ चा. त्या वर्षीचं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आहे. त्यात बेसबॉल परत घ्यायचा आणि क्रिकेटलाही १२८ वर्षांनी जागा द्यायची, हा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या बैठकीत झाला. क्रिकेटचे सामने शहराच्या पूर्वेला पोमोना इथे ठरले आहेत. बेसबॉलचे डॉजर स्टेडियमवर, जिथे १९८४ मध्ये डेडोंचा संघ जपानकडून हरला होता. या वेळी पदकं खरी असणार आहेत.